विलायती सिंहाचा डबा

चंद्रपूर

चोर पकडायला निघालेल्या बाईनं सोबत गुडघ्याचा पट्टा, इसबगोल आणि नात घेऊ नये. पहिल्या दोहोंमुळे चाल मंदावते आणि तिसरी प्रश्न विचारते. मी तिन्ही घेऊन जानेवारीतल्या एका सकाळी चंद्रपूरला उतरले. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं चहात आलं घातलंय असं सांगितलं. चार घोट घेतले तरी आलं काही सापडलं नाही. मी ऋताला म्हणाले, "बघ. इथं सगळं तपासून घ्यावं लागणार."

"आजी, तू पुण्यातही भाजीवाल्याचा तराजू उलटा करून बघतेस," ती म्हणाली.

ऋता माझी नात, वय सव्वीस, आणि या सगळ्याचं मूळ. दिवाळीनंतर तिनं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. झाडीपट्टीतल्या नाटकाचा. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. धान निघालं की थेट होळीपर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत नाटकं चालतात आणि पाहायला पंचक्रोशी लोटते. नाटक रडकं असतं, आणि रडून थकलेल्या माणसांसाठी मध्ये विनोदी नट येतो. त्याचं काम वहीत लिहिलेलं नसतं. वहीत तेवढी जागा कोरी सोडतात. ती ज्याची त्यानं भरायची.

व्हिडिओतली कोरी जागा एका म्हाताऱ्यानं भरली होती. एक शेतकरी सरकारी खिडकीवर तक्रार घेऊन येतो की माझ्या गोठ्यात वाघ येऊन बसलाय. कारकून म्हणतो, अर्ज बरोबर आहे, पण खाली वाघाची सही पाहिजे. शेतकरी वळून बघतो तर वाघ त्याच्यामागे रांगेत उभा. त्याचंही काहीतरी काम अडलेलं. एवढ्यात कारकून 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून निघून जातो. आता बंद खिडकीसमोर शेतकरी आणि वाघ दोघंच. वाघ पिशवीतून डबा काढतो, झाकण उघडतो आणि शेतकऱ्यापुढे धरतो.

ऋता हसून पलंगावर आडवी झाली. मी चष्मा पुसला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. हा प्रवेश मी आधी पाहिला होता. वाघाच्या जागी सिंह होता आणि शेतकऱ्याच्या जागी टोपीवाला गोरा गृहस्थ, एवढाच फरक.

त्याचं असं आहे. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही इंग्लंडात होतो. यजमान डॉक्टर, तिथल्या एका कायम भिजलेल्या गावात शिकायला गेलेले. मी घरी. भाड्यानं आणलेला टीव्ही किंवा खिडकीबाहेरचा पाऊस, यांतलं एक काहीतरी बघत बसायचं. दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर एक टोळी यायची. तिच्या नावाचं मराठी करायचं तर 'ओल्या छत्र्या'. कॉलेजात एकत्र शिकलेले पाच वात्रट तरुण, आधी रेडिओवर गाजलेले, मग इथे आलेले. पाच-पाच मिनिटांचे प्रवेश, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्यांची खोड अशी की प्रवेश रंगात आला की त्याला शेवटच द्यायचा नाही. एक गृहस्थ ओली छत्री घेऊन आत यायचा, 'पुरे झालं' म्हणून छत्री झटकायचा, आणि सगळे कामं टाकून निघून जायचे. तिकडे हे फार नवं होतं. पुढे दुसऱ्या टोळ्यांनी ते उचललं, जाहिरातवाल्यांनी उचललं, आणि पोस्टाच्या खिडकीशी फार वेळ लागला की मागचा माणूस 'सिंह कुठवर आलाय?' असं विचारू लागला.

तीन हिवाळे हे चाललं. मग टोळी फुटली, आणि फुटली ती कुठला विनोद कुणाचा यावरून. एक गंभीर नट झाला, एकानं मेंढ्या पाळल्या, बाकीचे एकमेकांना वकिलांची पत्रं लिहीत राहिले. सिंहाचा प्रवेश मलाच सुचला, असं पाचही जणांनी म्हातारपणी मुलाखतींतून सांगितलं. टोळीत एक सहावीही होती. ती प्रत्येक प्रवेशात चहाचा गाडा ढकलत मागून जायची. तिला कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता त्या टीव्हीसमोर बसलेल्या तरुण बाईविषयी. तिला त्यांचं निम्मं इंग्रजी कळत नसे. म्हणून ती टीव्हीतल्या प्रेक्षकांच्या हसण्यावर लक्ष ठेवून असायची. ते हसले की ही हसायची, एका क्षणाच्या अंतरानं, पण त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. दोन वर्षांत या कलेत तिनं एवढं प्रावीण्य मिळवलं की भारतात परतताना आपण विनोदाच्या जाणकार झालो अशी तिची पक्की समजूत झाली होती.

परत आल्यावर यजमानांची नेमणूक झाली अहेरीला, आणि ही जाणकार तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. आज ती रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या बाजूनं जाईन. भर उन्हाळ्यात ती पायमोजे घालायची. दिसेल त्याच्याशी हवेविषयी बोलायची, जणू अहेरीत मे महिन्यात हवेविषयी दोन मतं असू शकतात. पहिल्याच स्नेहसंमेलनात शाळेच्या शिपायाचा दंडारीचा कार्यक्रम तिनं यादीतून खोडला. दंडार म्हणजे या भागातलं गाणं-सोंगांचं लोकनाट्य. खोडताना कारण लिहिलं, 'अभिरुचीहीन'. आणि त्या जागी ओल्या छत्र्यांचा सिंह बसवला, स्वतः भाषांतर करून. तो प्रयोग साफ पडला, एवढंच मला आठवतं. शिवाय सिंहाच्या अंगावर पट्टे होते, ते चित्रकलेच्या मास्तरांचं अज्ञान.

तो शिपाई म्हणजे केवळराम. आणि व्हिडिओखाली लिहिलेल्या नावावरून, त्यातला म्हातारा वाघही केवळरामच.

मी तपास तिथल्या तिथे पूर्ण केला. तो स्नेहसंमेलनात हजर होता, त्यानं सिंह पाहिला, उचलला आणि पट्टे ठेवून त्याचा वाघ केला. पुरावा म्हणजे डबा. खिडकी, रांग, सही ही कुणालाही सुचेल, सरकार सगळीकडे सारखंच. पण जनावर डबा उघडून माणसापुढे धरतं, हे दोन देशांत दोघांना सुचणं शक्य नाही. ऋतानं शोध घेतला तेव्हा कळलं की अहेरीतली एक नाट्यसमिती केवळरामचा सत्कार करते आहे, आणि स्मरणिकेत त्या प्रवेशाखाली 'मूळ कल्पना' म्हणून त्याचं नाव छापणार आहे. मी समितीला चार पानी पत्र धाडलं. आठवड्यानं सचिव निकुरे सरांचं उत्तर आलं की बाईंनी समक्ष यावं आणि चारचौघांत सांगावं. तोवर सत्कार थांबवला आहे.

थांबवला, हे वाचून मला समाधान वाटलं होतं. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला लपवता येणार नाही.

आष्टीवरून अहेरी

भाड्याची गाडी होती आणि चालक संतोषभाऊ. गोंडपिपरी मागे पडेपर्यंत मी त्यांच्या मीटरवर नजर ठेवली. मग कपाशी संपून धानाची रिकामी शेतं सुरू झाली, आणि आष्टीला वैनगंगेच्या पुलावर मी मीटर विसरले. पाणी उतरलेलं, वाळूचे लांब पट्टे उघडे पडलेले, आणि मधल्या एका धारेत दोन बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून मासे चाचपत होत्या. आमच्या पुण्याच्या मुठा नदीत आता हात घालायची कुणाची छाती होणार नाही.

पुलापलीकडे जंगल अंगावर येतं. साग उंच आणि सरळ, पानं झडायला लागलेली. रस्त्याच्या कडेचा साग मात्र लाल. लोहखनिजाच्या ट्रकांची धूळ इतकी बसली होती की झाडांना गेरू फासल्यासारखं दिसत होतं. ट्रकांची रांग संपेचना. संतोषभाऊ दर वळणावर म्हणत, "आता मोकळा रस्ता लागते," आणि तो लागत नसे.

"संतोषभाऊ, वाघ दिसतो का हो इथे?" ऋतानं विचारलं.

"दिसते ना. मांगच्या हप्त्यात पुलाजवळ बसला होता." मग आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "आजी, तुमी काऊन काच वर करून राह्यल्या? त्याले ट्रकमधून जागा भेटन तवा तो येईल ना इकडं."

अहेरीत पोचलो तो बाजाराचा दिवस. केवळरामच्या घराला कुलूप. शेजारची बाई सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "भाऊ गेले एटापल्लीले, पोरीकडं. कवा येतीन, सांगतलं नाई."

मी ऋताकडे पाहिलं. फरार.

निकुरे सर बाजारातच भेटले. पन्नाशीचे, निवृत्तीला आलेले शिक्षक, हातात मिरच्यांची पिशवी. नम्र माणूस, त्यामुळे मला अधिकच संशय आला.

"मॅडम, तुमच्या पत्रानंतर समितीत दोन तट पडले," ते म्हणाले. "पोरं म्हणतात, चोरीचं असेल तर सत्कार नको. म्हातारे म्हणतात, काही झालं तरी करा. भाऊंनी तोच प्रवेश आयुष्यभर केला. आता दमा आहे, या सीझननंतर उभं राहणं होणार नाही. त्यांनी मागितलं एवढंच, की छापताना त्याच्याखाली नाव टाका. परवा दुपारी चार वाजता शाळेच्या पटांगणात मंडप आहे. तुम्ही सांगाल तसं."

"त्यांना माझं पत्र दाखवलंत?"

"वाचून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, बाईचं अक्षर अजून सुंदर हाये."

चोर गोड बोलतात, हे मला ठाऊक होतं.

एटापल्ली

दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रकांमागून, धूळ खात, एटापल्लीला. केवळरामची मुलगी तिथे अंगणवाडी चालवते. कुडाच्या कुंपणात सारवलेलं अंगण, त्यात बाज, आणि बाजेवर उन्हाला पाठ देऊन बसलेला एक लहानखुरा म्हातारा. मी ज्याला 'ए केवळराम, खडू' म्हणायचे तो उंच होता. किंवा मी बसलेली असायचे आणि तो उभा, म्हणून तसं वाटत असेल.

तो उठायला लागला. दम लागला तसा पुन्हा बसला.

"या जी बाई. पायमोजे नाई घातले आज?"

ऋतानं तोंड फिरवलं. ती हसत होती हे मला पाठीवरूनही कळलं.

"केवळरामभाऊ, तुम्हाला मी कशासाठी आले ते माहीत आहे," मी म्हणाले. अहो-जाहो आपोआप आलं. पन्नास वर्षं उशिरा आलं, पण आलं.

"मालूम हाये. पयले जेवा, मंग भांडा."

त्यांची बायको, सुमित्राबाई, परातीतून वडे घेऊन आली. लाखोळीच्या डाळीचे, नुकते तळलेले, लसणाच्या चटणीबरोबर. साक्षीदाराला खाऊ घालणं ही लाच आहे, असा विचार माझ्या मनात आला. शिवाय लाखोळीची डाळ खाऊन पाय जातात असं आमच्याकडे सांगतात. मी तसं बोलूनही दाखवलं.

सुमित्राबाईंनी माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "तुमचे तं न खाताच गेले जी," त्या म्हणाल्या आणि दोन वडे वाढले.

पाच खाल्ले. मग हात धुऊन मी चौकशीला बसले. ओल्या छत्र्या, त्यांचा सिंह, खिडकी, सही, डबा, सगळं ओळीनं मांडलं. डब्यापाशी आल्यावर त्यांनी मान तिरकी केली.

"विलायतेच्या सिंहापाशी डबा होता?"

"होता."

"तुमी पायला?"

"माझ्या डोळ्यांनी."

"मंग दोन डबे होते म्हना," ते म्हणाले. "बाई, तुमच्या त्या ग्यादरिंगमंदी सिंहाच्या पोत्यात कोन होतं?"

मी आठवून पाहिलं. पोतं आठवत होतं. कागदाची आयाळ आठवत होती. आत कोण होतं ते आठवेना. कुणीतरी होतं.

"नववीतलं पोरगं होतं," मी म्हणाले.

"त्याले सकाळीच ताप आला. तुमी म्हनल्या, केवळराम, तू शीर पोत्यात, तुले काही बोलाचं नाई. पोतं बी माहंच होतं. दंडारीत वाघ कराले मी पट्टे मारून ठेवलं होतं. तुमी दंडार खोडली, पोतं रायलं. त्याले आयाळ लावली अन् झाला सिंह."

म्हणजे चित्रकलेचे मास्तर निर्दोष. बिचारे वारले, आता क्षमा मागायलाही उशीर झाला.

केवळरामभाऊ थांबून थांबून सांगत होते, श्वासासाठी. खिडकीतलं कारकून-पोरगं भाषण मध्येच विसरलं. सगळं पटांगण गप्प. मी विंगेतून दात-ओठ खाऊन म्हणत होते, "काहीतरी कर, काहीतरी कर." पोत्यात त्यांना धड दिसत नव्हतं. टेबलावर एक डबा हाताला लागला.

"तुमचाच होता तो. मी सकाळपासून खुर्च्या मांडून राह्यलो होतो, पोटात काही नाई. उघडला. आतमंदी काय, तं ब्रेडचे चौकोन. कडा कापलेल्या. मंदात काकडी." त्यांनी नाक मुरडलं, आणि क्षणभर त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर एका सिंहाची घोर निराशा दिसली. "एक खाल्लो. मंग म्हनलो, हे एकट्यानं खायाचं काम नाई. तं टोपीवाल्या पोराले देल्लो. तवा पब्लिक हसली. तुमी तवा पडदा पाडला."

मी काकडीचे सँडविच खात असे, ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. ऋतालाही नाही. ब्रेड बल्लारशाहून बसनं यायचा, शिळा होऊन, आणि मी त्याच्या कडा कापायची. असा मूर्खपणा माणूस स्वतःजवळच ठेवतो.

तरीही मी म्हणाले, "तुम्ही तसं केलं असेल. पण विलायतेच्या सिंहाजवळही डबा होता. योगायोग."

"असन. तिकडं बी भूक लागत असन."

"आणि तुमचा वाघ शेतकऱ्याला खात का नाही? मारामारी, पळापळ, किती हशा घेता आला असता."

"बाई, इथी वाघावर हसनं सोपं नाई. ज्याच्या घरचं मानूस वाघानं नेलं तो बी समोर सतरंजीवर बसला रायते. त्याच्या समोर वाघानं मानूस खायाचा, अन् मी हसवाचं? म्हनून माहा वाघ रांगेत बसते. त्याचं बी काम होत नाई. हे मले तुमच्या डब्यानं शिकवलं. पोटात भूक असली तं सिंह कोनी रायत नाई."

सुमित्राबाईंनी चहा आणला. त्यात आलं होतं.

उठताना ते म्हणाले, "डबा तुमचा, भूक माही. आता नाव कोनाचं टाकाचं ते तुमी सांगा. तुमी शिकेल हा."

परतीच्या वाटेवर मी ऋताला म्हणाले की माणूस बनेल आहे. चोरी माझ्याच पदरात घातली म्हणजे मी गप्प बसेन, असा त्याचा डाव आहे. ऋतानं इअरफोन कानात घातले. ती बोलत नाही तेव्हा मला फार त्रास होतो.

अहेरी, शेवटचा दिवस

सकाळी लॉजच्या गच्चीवर नेटवर्क नीट येत होतं. ऋता वर गेली आणि अर्ध्या तासानं मला हाक मारली. तिकडच्या कुणा छंदिष्टानं ओल्या छत्र्यांचे जुने प्रवेश जमवून ठेवले होते. सिंह त्यांत होता.

काळंपांढरं चित्र, पावसासारखी खरखर. खिडकी. टोपीवाला. 'सिंहाची सही आणा.' तो वळतो, सिंह रांगेत उभा. कारकून पाटी लावून जातो. आणि सिंह काखेतलं वर्तमानपत्र काढतो, उघडतो, वाचत बसतो. चहाचा गाडा ढकलत ती बाई मागून जाते. छत्रीवाला येतो. पुरे झालं.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

तीनदा पाहिलं. सिंहाजवळ डबा नव्हता.

पन्नास वर्षं मी हा प्रवेश लोकांना सांगत आले. लग्नांत, सहलींत, यजमानांच्या साठीला. प्रत्येक वेळी डब्यापाशी लोक हसत, आणि मी म्हणे, "बघा, याला म्हणतात इंग्रजी विनोद." अहेरीच्या पटांगणात एका उपाशी माणसानं माझ्या डब्याचं झाकण उघडलं, चारशे माणसं हसली, आणि त्या जाणकार बाईला ते इतकं लाजिरवाणं वाटलं की तिनं ते स्वतःच्या आठवणीतून उचलून थेट विलायतेत नेऊन ठेवलं. कारण हसण्यासारखं काही अहेरीत घडू शकतं, आणि तेही आपल्या डब्यातून, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. मी चोर पकडायला आले होते. तो सापडला. पायमोजे घालत असे.

"आजी," ऋता म्हणाली, "ते ओल्या छत्र्यांचे पाच जण भांडले ना, विनोद कुणाचा म्हणून?"

"हो."

"इथे दोघं आहात आणि दोघंही 'माझा नाही' म्हणताय."

मी खाली येऊन पत्र लिहिलं. या वेळी एकच पान.

चारला मंडप भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मध्ये रिकामी पट्टी. आमच्याकडे कुणी सोय म्हणूनही अशी शिस्त पाळणार नाही. जुन्या शाळेची भिंत नव्यानं रंगवलेली. निकुरे सर स्टेजवर टेबलापाशी बसले होते. केवळरामभाऊ कुठे दिसेनात. मला पुन्हा शंका आली.

माझं नाव पुकारलं. स्टेज चढायला ऋतानं हात दिला. माइक माझ्या तोंडाच्या बराच वर होता, पण आवाज मास्तरणीचा आहे, गरज पडली नाही. मी वाचलं:

"मी असं लिहिलं होतं की हा प्रवेश चोरीचा आहे. ते खोटं आहे. खिडकी आणि सिंह विलायतेचे आहेत. ते मी आणले आणि कुणालाही हसवू शकले नाही. डबा माझा आहे, पण तो मी उघडला नव्हता. तो उघडणारा माणूस, त्याची भूक, आणि नंतर वाघाला रांगेत बसवणारी त्याची समज, हे सगळं केवळरामभाऊंचं आहे. प्रवेशाखाली त्यांचंच नाव छापावं. मी त्यांची दंडार खोडली होती. कारण लिहिलं होतं, अभिरुचीहीन. तो शब्द मी आज परत घेते आणि स्वतःला लावते."

टाळ्या झाल्या नाहीत. लोक निकुरे सरांकडे बघत होते. सरांनी कागद माझ्या हातून घेतला, चष्मा वर केला, उलटून-पालटून पाहिला.

"अर्ज बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण खाली वाघाची सही पाहिजे."

मला समजायला थोडा वेळ लागला. मंडपात कुणीतरी खुसखुसलं. निकुरे सर खुर्चीवरून उठले, टेबलाखालून एक पाटी काढली, 'जेवणाची सुट्टी', ती टेबलावर उभी केली आणि माझ्याकडे न बघता स्टेज उतरून गेले.

मी वळले. माझ्यामागे, रांगेत उभा राहावा तसा, पट्ट्यापट्ट्यांचं पोतं पांघरलेला वाघ उभा होता. दम लागलेला. हातात पिशवी.

त्याच्या सोंगाला बोलणं नाहीच. त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला.

आत ब्रेडचे चौकोन होते. कडा कापलेल्या. मधे काकडी.

ब्रेड कोणी आणला, हे मी ऋताला अजून विचारलेलं नाही; पण ती पहिल्या रांगेत बसून वर छताकडे बघत होती. मी एक चौकोन उचलला. सवयीनं वास घेतला. मग खाल्ला. काकडी कडू निघाली, आणि माझा चेहरा तसा झाला असावा, कारण मंडपाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत हशा पिकला.

मीही हसत होते. आणि या वेळी कुणाकडे पाहून नाही.